तिसऱ्या भागातलं दार

ओउलूच्या वाचनालयाचं तळघर
महिन्यातून एका शनिवारी आमचं असतं, चार ते आठ.
डिसेंबरात सूर्य दोनलाच गाशा गुंडाळतो,
त्यामुळे कुणाला कुठे जायची घाई नसते.
मला तेवढी असते. बर्फ पडला
की पहाटे तीनला नांगराची गाडी काढावी लागते.

'नकाशेवाली'चे सात भाग. पहिला आला तेव्हा
मी नववीत होतो, आता माझी मुलगी नववीत आहे.
आठव्याचं घोंगडं बारा वर्षं भिजत पडलंय.
कंपनी दोनदा विकली गेली,
एकदा तर जुगाराची यंत्रं बनवणाऱ्यांना,
आणि आम्ही आपले देव पाण्यात घालून बसलेलो.

यालमारी, निवृत्त कस्टम अधिकारी, म्हणतो
चौथ्यापासून सगळं बिघडलं,
होडी आपोआप वल्हवायला लागली तेव्हापासून.
राकेल दातांची डॉक्टर. ती म्हणते, होडी राहू दे,
पाचव्यातला वारा ऐकलायस कधी, हेडफोन लावून?
त्या एका वाऱ्यावरून दोघं अख्खा वसंत बोलले नाहीत.

पण खरं भांडण दाराचं.
तिसरा भाग, मिठाचं बेट, विहिरीमागची भिंत,
तिच्यात निळं दार. उघडत नाही.
कडी हलवली की तीन आवाज येतात,
दोन कोरडे, तिसरा ओला.
बस्स.
पंचवीस वर्षं आम्ही त्या ओल्या आवाजाचा कीस पाडतोय.
पलीकडे समुद्र आहे म्हणे. पलीकडे तिचा भाऊ आहे म्हणे.
ओत्सोने, वय चौदा, उन्हाळ्याच्या सुट्टीत
खेळातल्या एकशे सहा वस्तू एकेक करून
त्या दाराला लावून पाहिल्या, खारवलेली मासळीसुद्धा,
आणि वहीत एकशे सहा वेळा लिहिलं: नाही.

या शनिवारी सिनिक्का आल्या.
एकाहत्तर वर्षं, लोकरीचे मोजे, बूट पायरीपाशी काढलेले.
तिसऱ्या भागाची चित्रं त्यांची.
शेवटच्या यादीत त्यांचं नाव तेराव्या ओळीत, आम्हाला पाठ.
राकेलने वेलचीचा पाव पुढे केला.
यालमारी चक्क टाय लावून आला होता.
विचारलं ओत्सोनेच. मोठ्यांची हिंमत होईना.

"दार?" त्यांना जरा आठवावं लागलं.
"हां, ते. भिंत फार मोकळी दिसत होती.
पलीकडे खोली काढायची होती, पण अकरा फ्लॉप्या भरल्या,
बाराव्या फ्लॉपीला मालक नाही म्हणाला.
मग दार पुसायला कुणाला सवड झाली नाही."

थर्मासचं झाकण कुणीतरी उगाच फिरवलं.
यालमारीने टाय सैल केला.

"आणि तिसरा आवाज ओला का?" ओत्सो सोडेना.
"तो कायानीच्या आमच्या घराचा. बटाट्याचं तळघर.
आवाजाला वेगळा माणूस कुठला तेव्हा,
मीच टेपरेकॉर्डर घेऊन उतरले. मार्च होता, खाली पाणी शिरलेलं.
आई वरून ओरडत होती, ये गं लवकर, पाय गारठतील.
तिचा आवाज काढून टाका म्हणून सांगितलं होतं मी.
काढला ना त्यांनी?"

राकेलने काही न बोलता टीव्हीचा आवाज
पूर्ण वाढवला. ओत्सोने कडी हलवली.
कोरडा. कोरडा. ओला.
आणि ओल्याच्या शेपटाशी, खरखरीत बुडालेलं,
काहीतरी होतं. किंवा टीव्ही जुना आहे.

"परत," सिनिक्का म्हणाल्या.
ओत्सोने परत हलवली.
"परत."

आठ वाजता वाचनालयाचा माणूस किल्ल्या वाजवत आला
आणि जिन्यातच थांबला.
कुणी त्याला बस म्हणालं नाही, तरी बसला.

बाहेर पडताना यालमारी एवढंच बोलला:
"तरीही चौथा भाग वाईटच."

पहाटे मी नांगराचं पातं खाली टाकलं.
लोखंड रस्त्याला घासत निघालं, कोरडं, कोरडं.
नदीच्या पुलावर, जिथे बर्फाखाली अजून पाणी होतं,
गाडी थांबवली नाही मी.
काच मात्र खाली केली.